नेमबाजीची नवी लेन बांधण्याआधी क्लबने सभासदांचा खरा कल कसा ओळखावा

सभेत ‘५० मीटरची रेंज हवी का?’ असे विचारले की सगळे हात वर होतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी याच अंतरावर कांस्यपदक मिळवल्यानंतर पुण्यातील नेमबाजी क्लबमध्ये तर ते व्हायचेच. पण हात वर करायला पैसे पडत नाहीत.

१. हजेरीच्या वहीशेजारी आठवड्याचा तक्ता ठेवावा आणि सभासदाने आपला वार, तास व दरमहा परवडणारे शुल्क स्वतःच्या अक्षरात लिहावे.

२. या नोंदी गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीशी ताडून पाहाव्यात. जो सध्याच्या १० मीटरच्या लेनवर महिन्यातून एकदाच फिरकतो, त्याने लिहिलेले ‘रोज सायंकाळी ६’ फारसे मनावर घेऊ नये.

३. उरलेल्यांकडून पावती देऊन परतीची अनामत घ्यावी. यादी इथेच आखडते, आणि अंदाजपत्रक याच यादीवर बेतावे.

मात्र १० मीटरवर वापरली जाणारी एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी) ५० मीटरला चालत नाही, काडतुसाची .२२ बोअरची रायफल लागते व तिच्यासाठी शस्त्रपरवाना आवश्यक असतो. म्हणून स्वतःची परवानाधारक रायफल असलेले आणि क्लबच्या रायफलवर अवलंबून राहणारे सभासद वेगवेगळे मोजावेत.