मेंदूच्या सिग्नलची टक्केवारी काढताना या चुका टाळा

भुसावळची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन जळगावला माझ्याकडे आली. खुल्या एफएमआरआय (काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन) डेटावर तिचं काम चाललं होतं. आलेखात सिग्नल तब्बल ४० टक्के वाढलेला! ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर बोल्ड, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनवरून मिळणारा, सिग्नल साधारण अर्धा ते तीन टक्के हलतो. चाळीस दिसले की आधी भागाकार तपासायचा.

तिच्या घरी केळीची बाग आहे. मी विचारलं, "रावेरला क्विंटलमागे शंभर रुपये वाढले, म्हणजे किती टक्के?" ती लगेच म्हणाली, "सर, आधीचा भाव सांगा ना!" बरोबर. हजारावर दहा टक्के, दोन हजारावर पाच. बेसलाइन म्हणजे हाच आधीचा भाव. तिने हाय-पास फिल्टर (सावकाश होणारे बदल काढून टाकणारी गाळणी) लावलेल्या डेटाची सरासरी भाजक धरली होती, आणि फिल्टरने ती शून्याजवळ आणून ठेवली होती. सरासरी फिल्टरच्या आधीच्या डेटावरून घ्या. मेंदूच्या कडेचे अंधूक व्हॉक्सेलही (व्हॉक्सेल म्हणजे स्कॅनमधला छोटा घन ठोकळा) असाच घोळ घालतात, ते मास्कने, म्हणजे नको तो भाग झाकणाऱ्या नकाशाने, वगळा.

बीटा हा मॉडेलने काढलेला सिग्नलच्या बदलाचा आकडा; तो म्हणजे टक्के नव्हेत. अफ्नी या एफएमआरआय सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक व्हॉक्सेलची सरासरी १०० करून घेतात, म्हणून तिथे बीटा टक्क्यांच्या मापात येतो. एफएसएल हे दुसरं सॉफ्टवेअर मात्र पूर्ण डेटाची सरासरी १०,००० वर नेतं. शिवाय रिग्रेसरची (मॉडेलमधल्या अपेक्षित सिग्नलच्या वळणाची) उंची विसरू नका: बीटा गुणिले उंची, भागिले सरासरी, गुणिले १००. बीटा १५०, उंची ०.८, सरासरी १०,००० असेल तर १.२ टक्के. क्षणभराच्या घटनेचा आणि वीस सेकंदांच्या ब्लॉकचा रिग्रेसर सारख्या उंचीचा नसतो, त्यामुळे त्यांचे नुसते बीटा शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता एरर बार, म्हणजे आकड्याची अनिश्चितता दाखवणारी खांबावरची रेघ. इथली चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण आलेख देखणा दिसतो आणि कुणी शंका घेत नाही. तिच्याकडे १६ माणसं, प्रत्येकाचे २५ व्हॉक्सेल. तिने एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, धरला ४००. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा विखुरलेपणा) ०.४ धरलं तर स्टँडर्ड एरर (सरासरीची अनिश्चितता; डेव्हिएशन भागिले एनचं वर्गमूळ) आला ०.०२. पण एकाच बागेतले चारशे घड तोलले म्हणून चारशे बागा होत नाहीत! आधी प्रत्येक माणसाची एक सरासरी काढा, मग त्या १६ आकड्यांवर हिशेब करा. त्यांचं डेव्हिएशनही ०.४ च निघालं. १६ च्या वर्गमुळाने भागलं की ०.१. ९५ टक्के विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) हवं तर त्याला २.१३ ने (१६ माणसांसाठी टी-तक्त्यातला आकडा) गुणा, सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.२१.

स्कॅनमध्ये त्याच माणसांना दोन वेगवेगळी कामं दिली असतील तर दोन खांबांवरचे वेगवेगळे बार त्या तुलनेबद्दल फारसं सांगत नाहीत. प्रत्येकाचा फरक काढून त्या फरकाचा बार दाखवा. आणि ज्या तुलनेतून मेंदूचा भाग निवडला, तीच तुलना त्याच डेटावर परत मोजू नका, आकडा फुगतोच.

तिचा नवा आलेख संध्याकाळी तयार झाला. उंची १.१ टक्के, बार आधीच्या पाचपट लांब, आणि खाली तिने स्वतःहून लिहिलं होतं: 'बार म्हणजे स्टँडर्ड एरर, माणसं १६'.