आधी केबल मोजा, मग व्हॉल्व्ह निवडा

वडिलांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारी सतारमेकर. दिवसभर कुणीतरी तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा मागे-पुढे सरकवत जवारी, म्हणजे तारेचा झणकार, जमवत बसलेलं असायचं. कान तिथे तयार झाला. म्हणून मी बनवलेल्या पहिल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळीच्या) प्रीॲम्पवर, म्हणजे पॉवर ॲम्पच्या आधीच्या पेटीवर, तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, तेव्हा दोन मिनिटांत कळलं की काहीतरी गेलंय. सूर होता, झणकार नव्हता.

सर्किट पुस्तकातलंच होतं. ईसीसी८३ व्हॉल्व्ह, त्याच्या ॲनोडला (जिथून वाढलेला सिग्नल निघतो त्या पायाला) १०० के, म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर, तिथूनच कंडेन्सरमधून आऊटपुट. पॉवर ॲम्पही व्हॉल्व्हचाच, पण खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, मध्ये ५ मीटर केबल. तीन व्हॉल्व्ह बदलले, तिन्ही वेळा तेच. मग कागद घेतला. ईसीसी८३ चा आतला रेझिस्टन्स सुमारे ६२ के, तो १०० के ला समांतर, म्हणजे आऊटपुट इम्पीडन्स (सिग्नलला बाहेर पडताना होणारा अडथळा) ४० केच्या आसपास. साध्या शिल्डेड केबलची कपॅसिटन्स मीटरमागे १०० पिकोफॅरड धरली तर ५ मीटरचे ५००. ४० के आणि ५०० पिकोफॅरड म्हणजे ८ हजार हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबलची उतरण. झणकार केबलने खाल्ला होता, व्हॉल्व्हचा दोष नव्हताच.

त्यामुळे आता कुणी विचारलं की प्रीॲम्पची आऊटपुट स्टेज (सिग्नल बाहेर सोडणारा शेवटचा टप्पा) कुठली करू, तर मी आधी दोन आकडे मागतो. केबल किती मीटर, आणि पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स किती? व्हॉल्व्हच्या ॲम्पला तो बहुधा १०० के किंवा जास्त असतो, ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला २० ते ४७ के, आणि हल्लीच्या काही ॲम्पना १० के किंवा त्याहूनही कमी. सगळी निवड या आकड्यावर फिरते. कारण लोड जड झाला, म्हणजे हा आकडा कमी झाला, की नुसता आवाज पडत नाही, डिस्टॉर्शनही वाढतं. त्याच ईसीसी८३ ला ४७ के जोडा. सिग्नलच्या दृष्टीने ॲनोडवर आता १०० के नाही, ३२ के आहे. व्हॉल्व्हला त्याच व्होल्टेजसाठी तिप्पट करंट हलवावा लागतो, आणि त्याच्याकडे मुळात असतो जेमतेम १ मिलिअँपिअर.

तिसरा प्रश्न म्हणजे गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, हवी आहे का? सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो आणि बहुतेक पॉवर ॲम्प १ व्होल्टच्या आसपास पूर्ण आवाजाला पोचतात. म्हणजे वाढवायचं काहीच नाही, फक्त ताकद द्यायची आहे. तरीही लोक गेन १०० वाला व्हॉल्व्ह लावतात आणि व्हॉल्यूम घड्याळातल्या आठच्या काट्यावर, म्हणजे जवळपास बंदच ठेवून ऐकतात.

आता पर्याय. केबल हातभर आणि पुढे १०० के असेल, तर ॲनोडवरूनच आऊटपुट घ्या. फक्त ईसीसी८३ नको, आतला रेझिस्टन्स कमी असलेला ट्रायोड (कॅथोड, सिग्नल घेणारा ग्रिड आणि ॲनोड असा तीन भागांचा व्हॉल्व्ह) घ्या. ६एसएन७ आणि ईसीसी८२ दोन्ही साडेसात-आठ केच्या घरातले. माझं मत ६एसएन७ ला. कागदावर दोघे भाऊ वाटतात, पण ६एसएन७ जास्त सरळ चालतो, म्हणजे सिग्नल कमी वाकवतो. ईसीसी८८ चा आतला रेझिस्टन्स तर अडीच केच्या आसपास. पण तो टीव्हीच्या ट्यूनरसाठी जन्माला आलेला व्हॉल्व्ह. ग्रिडच्या पायालाच टेकवून २२० ओहम ते १ केचा रेझिस्टर लावला नाही, तर कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर आपला आपण वाजत राहतो आणि तुम्ही डिस्टॉर्शनचं कारण भलतीकडेच शोधता. आणखी एक: ईसीसी८२, ईसीसी८३ चा ९ नंबरचा पाय म्हणजे हीटरचा (कॅथोड तापवणाऱ्या तारेचा) मधला टॅप, ईसीसी८८ मध्ये तोच पाय आतल्या शिल्डचा. एकाच्या सॉकेटात दुसरा खुपसू नका.

पुढे ४७ के किंवा कमी असेल, किंवा केबल लांब असेल, तर माझं पहिलं उत्तर कॅथोड फॉलोअर, म्हणजे आऊटपुट ॲनोडऐवजी कॅथोडवरून घेणं. गेन एकाहून थोडा कमी, पण सगळा आऊटपुट फीडबॅक म्हणून जागच्या जागी परत, त्यामुळे डिस्टॉर्शन अगदी कमी. आऊटपुट इम्पीडन्स साधारण १ भागिले जीएम (ग्रिडच्या एका व्होल्टमागे करंट किती बदलतो तो आकडा). ईसीसी८२ चे ५०० ते ६०० ओहम येतात. याला 'निर्जीव आवाज' म्हणून नावं ठेवणारे बरेच भेटतात. मी अशांच्या पेट्या उघडून पाहिल्यात. बहुतेकांत ईसीसी८३ चा फॉलोअर आणि करंट अर्धा-पाऊण मिलिअँपिअर. १० केच्या लोडमध्ये २ व्होल्ट आरएमएस द्यायचे तर शिखराला ०.२८ मिलिअँपिअर लागतो, म्हणजे असलेल्यातला निम्मा. उपाशी माणसाकडून पोती उचलून घेतल्यासारखं ते.

मी करतो ते असं. २५० व्होल्ट एचटी (व्हॉल्व्हला लागणारा उच्च डीसी व्होल्टेज), ईसीसी८२, कॅथोडला २२ के, कॅथोड ११० व्होल्टच्या आसपास. करंट होतो ५ मिलिअँपिअर, त्यापुढे ०.२८ काहीच नाही. आधीच्या स्टेजचा ॲनोडही जवळपास तितक्याच व्होल्टेजला ठेवून ग्रिड थेट जोडायचा, मधला कंडेन्सर वाचतो. पण चालू करताना व्हॉल्व्ह गार असतो. तेव्हा ग्रिडवर पूर्ण एचटी आणि कॅथोडवर शून्य, आत ठिणगी पडू शकते. ग्रिडला १ के आणि ग्रिडकडून कॅथोडकडे एक १एन४१४८ डायोड लावला की काम झालं. एरवी तो उलटा बायस होऊन गप्प बसतो.

दुसरी गोष्ट हीटरची. एकाच व्हॉल्व्हच्या दोन अर्ध्यांत एक कॅथोड ५ व्होल्टला आणि दुसरा ११० ला. हीटर ग्राउंडवर ठेवला तर दुसऱ्यावर सगळा ताण. एचटीवरून २२० के आणि ६८ केचा डिव्हायडर करून हीटर सुमारे ६० व्होल्टवर उचला, ६८ के वर १० मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टवाला कंडेन्सर टाका. दोन्हीकडे फरक पन्नासच्या घरात राहतो आणि गुणगुणही बरीच कमी होते.

भाचा सांगलीहून आला होता, तो म्हणाला, "मामा, एसआरपीपीच टाकूया की, सगळे तेच करतात." करतात खरे. दोन ट्रायोड एकावर एक, दिसायला रुबाबदार. पण त्याची गंमत पुश-पुलमध्ये (एक ढकलतो, दुसरा ओढतो) आहे आणि तो तोल एकाच लोडला जमतो. वरच्या रेझिस्टरचा हिशोब असा: लोडची दुप्पट, अधिक आतला रेझिस्टन्स, भागिले म्यू (व्हॉल्व्हचा स्वतःचा गेन). ईसीसी८८ आणि १० के लोडला सुमारे ६८५ ओहम येतात, ४७ के लोडला तोच २.९ के. आज हा ॲम्प, उद्या तो, असं असेल तर तोल गेला. शिवाय एचटीवरच्या रिपलचा (उरलेल्या गुणगुणीचा) अर्धा भाग आऊटपुटला येतो. लोड कायमचा ठरलेला असेल तर खुशाल करा. भाच्याचा ठरलेला नव्हता, दर दिवाळीला त्याचा ॲम्प बदलतो.

ॲनोडवरून ग्रिडला फीडबॅक हाही जुना मार्ग. कागदावर इम्पीडन्स छान खाली येतो. पण फीडबॅकने करंट वाढत नाही, त्यामुळे ईसीसी८३ वर १० के टांगले की तो शेवटी हात टेकतोच. सगळ्यात कमी डिस्टॉर्शन हवं आणि थोडं सिलिकॉन चालत असेल, तर ॲनोड रेझिस्टरऐवजी डीएन२५४० मॉस्फेटचा (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा) करंट सोर्स, म्हणजे करंट स्थिर ठेवणारं सर्किट, लावून आऊटपुट मॉस्फेटच्या सोर्सवरून घ्या. ट्रायोडला लोड जवळपास जाणवतच नाही. गेन मात्र पूर्ण म्यूइतका मिळतो, ते धरून चला. मॉस्फेटला हीटसिंक हवा.

आऊटपुट कंडेन्सर लोड पाहून. ०.४७ मायक्रोफॅरड १० के वर ३४ हर्ट्झलाच उतरू लागतो, २.२ घेतला तर ७ वर जातो. त्यापुढे १ मेगचा रेझिस्टर ग्राउंडला, २२० ओहम सिरीजला, आणि अर्ध्या मिनिटाने उघडणारा म्यूट रिले, नाहीतर चालू करताना स्पीकरला धक्का बसेल.

मोजायला लॅब लागत नाही. यूएसबी साऊंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर पुरे. आधी कार्डाचं आऊटपुट त्याच्याच इनपुटला जोडून कार्डाचं स्वतःचं डिस्टॉर्शन बघा, आणि प्रीॲम्प जोडताना मध्ये डिव्हायडर ठेवा. १ किलोहर्ट्झ, २ व्होल्ट, आणि लोड खराच लावा: १० के, ४७ के, १०० के, तिन्ही. दुसरा हार्मोनिक २ किलोहर्ट्झला दिसेल. लेव्हल निम्मी केली की तोही मूळ सुराच्या तुलनेत ६ डेसिबलने खाली यायला हवा. येत नसेल, किंवा तिसरा दुसऱ्याहून उंच असेल, तर करंट कमी पडतोय, ग्रिड करंट ओढतोय किंवा कार्डच ओव्हरलोड झालंय.

पेटी बंद केल्यावरही एचटी काही वेळ शिल्लक असतो. मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आलेला पाहिल्याशिवाय आत हात घालू नका, आणि घालाल तेव्हा दुसरा खिशात. भाच्याने एकदा दोन्ही घातले होते. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, आम्ही दोघांनी हे अजून सांगितलेलं नाही.