छोट्या व्यवसायासाठी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून अद्यतने मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि मान्य यादीतला प्रोसेसर, म्हणजे इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, अधिकृतपणे आवश्यक आहे. गोव्यातील फोंडा, डिचोली, म्हापसा येथील दुकानांत आणि कार्यालयांत आजही व्यवस्थित चालणारे कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. अशा चालत्या यंत्रांना केवळ त्या अटीपायी भंगारात काढण्यापेक्षा त्यांच्यावर लिनक्ससारखी मुक्तस्रोत (जिचा कोड सर्वांना खुला असतो अशी) ऑपरेटिंग सिस्टिम घालणे हा शहाणपणाचा मार्ग आहे; मात्र तो स्वीकारताना कोणती सिस्टिम चांगली, या प्रश्नाने सुरुवात करू नये. आपल्या व्यवसायातले कोणते काम विंडोजशिवाय अडते, हे आधी शोधावे. त्याचे उत्तर मिळाले की सिस्टिमची निवड बरीच सोपी होते.

त्यासाठी कामाच्या एका पूर्ण दिवसात प्रत्येक संगणकावर काय काय उघडले जाते, ते कागदावर लिहून काढावे. बँक, जीएसटीचे संकेतस्थळ, हॉटेल बुकिंग, ईमेल ही कामे ब्राउझरमधून होतात. मोरजी-मांद्रे भागात घरगुती निवास चालवणाऱ्यांना परदेशी पाहुण्यांची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते, तीही ब्राउझरमधूनच होते. या कामांसाठी लिनक्सवर फायरफॉक्स किंवा क्रोम पुरेसा आहे. पत्रे आणि हिशेबाच्या साध्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे. तरीही गुंतागुंतीचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेलची फाइल नेहमीच्या वापरात असेल, तर ती आधी त्यात उघडून तपासावी.

खरी गाठ हिशेबाच्या सॉफ्टवेअरची असते. टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे आणि बहुतेक सीए टॅलीतलाच डेटा मागतात. वाइन या, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने ते लिनक्सवर चालवल्याचे काही जण सांगतात, पण रोजचा हिशेब मी त्या भरवशावर ठेवणार नाही, कारण उद्या काही बिघडले तर जबाबदारी घेणारे कोणीच नसेल. अशा ठिकाणी एक संगणक विंडोज ११ वर ठेवून बाकीचे लिनक्सवर न्यावेत; चार यंत्रांपैकी तीन मोकळी झाली तरी खर्चाची मोठी बचत होते. मुंबईत तयार झालेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणाली जीएसटीसह हिशेब, साठा आणि बिले सांभाळते आणि ब्राउझरमधून चालते. मात्र तिच्याकडे वळण्याआधी आपल्या सीएशी सविस्तर बोलून घ्यावे. डिजिटल सहीचा मुद्दाही याच वेळी तपासावा. एकट्या मालकाच्या व्यवसायाला जीएसटीचे विवरणपत्र ओटीपीने भरता येते, परंतु कंपनी आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांना डिजिटल सही लागते, आणि ती सही ज्यात साठवलेली असते त्या यूएसबी टोकनचा लिनक्स ड्रायव्हर उपलब्ध आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारूनच पुढे जावे.

यानंतर प्रिंटर. नव्या सिस्टिमवरचा दुकानदाराचा विश्वास बहुधा इथेच टिकतो किंवा तुटतो, म्हणून या तपासणीला एक संपूर्ण दुपार द्यावी. लिनक्स मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचे दोन प्रकार) पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता, त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो. तसा तो सुरू करून आपल्याकडचा प्रत्येक प्रिंटर आणि स्कॅनर जोडून पाहावा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्सवर चांगला आधार आहे. लेझरजेट १०२० सारख्या काही जुन्या मॉडेलांना मात्र एक जादा प्लगइन उतरवून घ्यावे लागते, त्यामुळे तपासणीच्या वेळी इंटरनेट चालू असावे. कॅनन एलबीपी २९०० ला लिनक्सवर चालवणे खटपटीचे असते. तो आपला मुख्य प्रिंटर असेल तर त्याला विंडोजच्या यंत्रावरच राहू द्यावे. सलग कागदावर बिले छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची परीक्षा एका बिलाने होत नाही. एकापाठोपाठ तीन-चार बिले छापावीत. पहिले बिल जागेवर आले आणि तिसऱ्यावर मजकूर छिद्रांच्या रेषेकडे सरकू लागला, तर प्रिंटर ठीक आहे, कागदाची लांबी सेटिंगमध्ये चुकली आहे, असे समजावे आणि ती मोजपट्टीने मोजून भरावी.

मराठी व कोकणी टंकलेखनाची अडचण सहसा येत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच आणि युनिकोड (सर्व संगणकांवर सारखाच वाचता येणारा) मजकूर नीट दिसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेली पत्रे व निमंत्रणपत्रिका मात्र तो फॉन्ट घातल्याशिवाय वाचता येणार नाहीत. छापखान्याचे सगळे काम कोरलड्रॉमध्ये होत असेल, तर तो संगणक विंडोजवरून हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष निवड. यासाठी दिसणे किंवा लोकप्रियता यांपेक्षा सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार, हा निकष मी वर ठेवतो. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे अद्यतने मिळतात. लिनक्स मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर उभी असून तिला २०२९ पर्यंत आधार आहे. विंडोजची सवय असलेल्या कर्मचाऱ्याला तिचा खालचा पट्टा आणि मेनू लगेच ओळखीचे वाटतात, म्हणून काउंटरवरच्या आणि कार्यालयातल्या संगणकांसाठी मी तीच सुचवतो. ४ जीबी मेमरीवर ती चालते; यंत्र फारच जुने असेल तर तिची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. कोपऱ्यात ठेवलेल्या, सर्वांच्या फाइली सांभाळणाऱ्या संगणकासाठी डेबियन हा लिनक्सचा प्रकार उत्तम. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षे पूर्ण आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घकालीन आधार आहे. फेडोरा ही आणखी एक लिनक्स सिस्टिम उत्कृष्ट आहे, परंतु तिच्या प्रत्येक आवृत्तीचा आधार सुमारे तेरा महिन्यांत संपतो, आणि दरवर्षी सिस्टिम बदलण्याइतका वेळ दुकानदाराकडे नसतो.

प्रकल्पाच्या मागे कोण आहे, हेही पाहावे. सेंटओएस ८ या सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स सिस्टिमचा आधार २०२९ पर्यंत अपेक्षित होता, तो २०२१ च्या अखेरीसच थांबवण्यात येईल, अशी घोषणा डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि असंख्य सर्व्हर अडचणीत आले. त्यातूनच तिची जागा घेणाऱ्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या. तितकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जवळपास मदत कोण करील. आपला नेहमीचा दुरुस्तीवाला किंवा फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा ओळखीतला कोणी मुलगा-मुलगी उबुंटू जाणत असेल, तर मिंटपेक्षा उबुंटूच घ्यावी.

बदल करताना सगळा डेटा दोन वेगळ्या जागी उतरवून घ्यावा आणि त्यातल्या काही फाइली उघडून पाहाव्यात; डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की लिहून ठेवावी. पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती जिथे साठतात, त्या संगणकावर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्शनचा पर्याय निवडावा, कारण नंतर तो जोडणे कटकटीचे असते. मिंटमधील टाइमशिफ्ट सिस्टिम पूर्ववत करते, पण आपल्या फाइलींची प्रत ती नेहमीच्या सेटिंगमध्ये घेत नाही. त्यासाठी बाहेरच्या डिस्कवर वेगळा बॅकअप हवा. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा यूपीएसशिवाय कोणतीही सिस्टिम सुरक्षित समजू नये.

सुरुवात काउंटरवरच्या नव्हे, आतल्या खोलीतल्या संगणकापासून करावी. काउंटरची पाळी चतुर्थीच्या गर्दीत आणू नये. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची २० तारीख, तिमाही भरणाऱ्यांसाठी गोव्यात २२ तारीख, उलटल्यावर आणावी. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क न पुसता काढून, तिच्यावर संगणकाचे नाव आणि दिनांक लिहून कपाटात ठेवावी आणि नवी सिस्टिम नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) घालावी. जुना संगणक त्यामुळे जलदही होतो, आणि पहिल्या महिन्यात काही अडलेच तर जुनी डिस्क जोडून त्याच दिवशी धंदा पुन्हा सुरू करता येतो.