राउटरचे झाकण उघडण्यापूर्वीची तयारी

सिस्कोच्या राउटरच्या आत बसणारी मॉड्यूल, म्हणजे जादा कामासाठीची छोटी कार्डे, मग ती फोन कॉलचा आवाज हाताळणारी पीव्हीडीएम असोत की एन्क्रिप्शनची एआयएम, राउटर चालू असताना घालता किंवा काढता येत नाहीत. म्हणून नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या कार्यालयांत हे काम रविवारी सकाळी धरावे आणि त्या वेळेत महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवलेली नाही, याची खात्री शनिवारीच करून घ्यावी.

आदल्या दिवशी 'शो व्हर्जन' (सॉफ्टवेअरची आवृत्ती दाखवणारी) आणि 'शो डायग' (आत बसवलेली मॉड्यूल दाखवणारी) या कमांडचे आउटपुट लॅपटॉपवर जपून ठेवावे, कॉन्फिगरेशन सेव्ह करून त्याची एक प्रत राउटरबाहेर घ्यावी आणि नवे मॉड्यूल ओळखणारी आयओएसची, म्हणजे राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, आवृत्ती राउटरवर आहे ना, ते पाहावे. क्षमतेचा हिशेबही तेव्हाच करावा. पीव्हीडीएम२-६४ हे मॉड्यूल जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करण्याची पद्धत) ६४ कॉल पेलते, म्हणजे प्रत्येकी ३० चॅनेलच्या दोन ई-१ टेलिफोन लाइन त्यावर चालतात, आवाज जास्त दाबणारा जी.७२९ए कोडेक वापरल्यास मात्र हाच आकडा ३२ वर येतो आणि दुसऱ्या ई-१ ला जागा उरत नाही.

साहित्यात दोन नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर, स्क्रू ठेवायला एक वाटी, लेबले, रिकामी अँटीस्टॅटिक पिशवी आणि अंगातली स्थिर वीज वाहून नेणारा मनगटाचा ईएसडी पट्टा हवा. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा पट्ट्याची गरज नाही, असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि ते मला मुळीच मान्य नाही, कारण सर्व्हर रूममधली हवा एसीने कोरडी झालेली असते. स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला निकामी होते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पट्ट्याची क्लिप रंग नसलेल्या धातूवरच लावावी आणि राउटरची अर्थिंगची वायर काढू नये.

दमटपणाचा खरा धोका वेगळा आहे. गेल्या जुलैत घणसोलीत आत टेबल नव्हते म्हणून आम्ही थंडगार राउटर बाहेरच्या पॅसेजमध्ये आणला. झाकण काढेपर्यंत पत्र्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते आणि ते पूर्ण सुकेपर्यंत काम थांबवावे लागले. तेव्हापासून घडीचे टेबल यादीत आहे. राउटर आतच उघडावा.

झाकण काढण्यापूर्वी प्रत्येक केबलला लेबल लावून टेलिफोनच्या केबल काढाव्यात आणि पॉवर केबलही काढावी. दुसरा पॉवर सप्लाय असल्यास त्याचीही. जुने पीव्हीडीएम मॉड्यूल काढताना दोन्ही बाजूंच्या क्लिप एकाच वेळी मोकळ्या कराव्यात, ते कडेने धरावे, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये आणि लगेच पिशवीत ठेवावे. नवे मॉड्यूल खाचेशी खाच जुळल्याशिवाय दाबू नये.

राउटर सुरू झाल्यावर 'शो डायग' पुन्हा घेऊन कालच्या प्रतीशी ओळीने ताडून पाहावे. सोमवारी दुपारपर्यंत, कॉलची गर्दी होऊन जाईपर्यंत, जुने मॉड्यूल सर्व्हर रूममधून हलवू नये.