बुरशीची पेशी शिकायचीय? मग ती जिवंत बघा

एमएस्सीला मायकॉलॉजी, म्हणजे बुरशीशास्त्र, घेतलेली मुलं हमखास विचारतात, सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू? मी म्हणतो, पुस्तक राहू दे, आधी जिवंत बुरशी मायक्रोस्कोपखाली धर. प्रॅक्टिकलला आपण लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा निळा रंग घालून मोकळे होतो. बीजाणू ओळखायला ते झकास, पण त्यातल्या फिनॉलने पेशी मरते. आणि इथली खरी मजा तर हालचालीत आहे.

न्यूरोस्पोरा क्रासा ही बुरशी घ्या. बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांनी 1941 साली याच बुरशीवर काम केलं आणि 1958 मध्ये त्यासाठी नोबेल मिळवलं. बुरशीच्या वाढत्या कडेचा आगरचा (ज्या जेलीवर ती वाढवतात त्याचा) छोटासा तुकडा कापा, कव्हरस्लिपवर पातळ पोषक माध्यमाचा थेंब टाकून त्यावर तो उलटा ठेवा. लगेच बघितलंत तर सगळं ठप्प दिसेल, कारण तंतूला (बुरशीचं शरीर ज्या धाग्यांचं बनतं त्यातल्या धाग्याला) धक्का बसलेला असतो. 15-20 मिनिटं दम धरा. मग टोक पुढे सरकू लागतं आणि मागून कणांचा लोंढा वाहत येतो. तंतूतल्या पेशींमधल्या आडपडद्यांना मधोमध छिद्र असल्यामुळे केंद्रकंसुद्धा त्यातून पलीकडे जातात. एका पेशीत एक केंद्रक, हे बारावीचं चित्र इथं चालत नाही. फेज कॉन्ट्रास्ट (न रंगवता जिवंत पेशी दाखवणारी सोय) मायक्रोस्कोपला असेल तर अगदी टोकाशी काळसर ठिपका दिसेल, तो श्पिट्झनकॉर्पर. पेशीभित्तिकेचं सामान आणणाऱ्या सूक्ष्म पिशव्या तिथं गोळा होतात. ठिपका ज्या बाजूला सरकेल, तंतू त्या बाजूला वळतो.

ब्लेडने तंतू कापला तर सगळा रस वाहून जायला हवा ना? जात नाही. छिद्राजवळचे वोरोनिन कण काही सेकंदांत बूच मारतात. मला तरी हे बघायचा अजून कंटाळा आलेला नाही. फक्त प्लेटचं झाकण जपून उघडा. नारिंगी बीजाणू उडून शेजाऱ्याच्या कल्चरमध्ये शिरले की अख्खी लॅब तुमच्या नावाने खडे फोडेल.

अळंबीचं तंत्र वेगळं. धिंगरी अळंबीच्या स्पॉनमधला (लागवडीच्या बियाण्यातला) तंतू बघा: वोरोनिन कण नाहीत, पण पडद्यापाशी बाजूला छोटा आकडा, म्हणजे क्लॅम्प, दिसेल. दोन पालकांची दोन केंद्रकं प्रत्येक पेशीत न मिसळता नांदतात, ती जोडी टिकवायला हा आकडा लागतो. आणि छत्री रातोरात उगवते ती नव्या पेशी पडून नव्हे. देठाच्या बहुतेक पेशी आधीच तयार असतात, त्या पाणी ओढून लांबतात.

‘याचा पुढे उपयोग काय?’ असं घरचे विचारतीलच. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (‘काळ्या बुरशी’च्या) लाटेत रुग्णाच्या नमुन्याच्या केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) स्लाइडवर रुंद, जवळजवळ विनापडद्याचा म्युकरचा तंतू आहे की अरुंद, पडदे असलेला दुसऱ्या बुरशीचा, हे ओळखणाऱ्याला किती महत्त्व आलं होतं ते त्यांना सांगा. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या मेदाला धरतं. आपल्या पेशींत त्याजागी कोलेस्टेरॉल. असे फरक मोजकेच, कारण बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची. म्हणूनच बुरशीवरची औषधं शोधणं जिकिरीचं आणि या कामाला माणसं हवीच असतात.

प्रोजेक्टसाठी पावावरची बुरशी उचलू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह आहे, तिथं चौकशी करा. स्ट्रेनचं (बुरशीच्या नेमक्या वाणाचं) नाव पक्कं नसेल तर वर्षभराच्या निरीक्षणांना कोणी विचारत नाही.