चार्जिंगचा फवारणी पंप सहा महिने पडून राहणार असेल तर

आमच्या लातूरकडे येळवस (डिसेंबर-जानेवारीतली वेळ अमावास्या) झाली, हरभऱ्यावर घाटेअळीची शेवटची फवारणी उरकली, की पाठीवरचा चार्जिंगचा पंप पत्र्याच्या शेडात खुंटीला लागतो. तो खाली येतो थेट जुलैत, सोयाबीनच्या वेळी. या सहा महिन्यांतच पंप मरतात. वापरून वापरून संपलेली बॅटरी मी क्वचित पाहिली, पडून मेलेल्या दरवर्षी पाहतो.

आधी किरकोळ कामं. टाकीत स्वच्छ पाणी घालून दोन-तीनदा पंप चालवा, ते पाणी पडीक जागी सोडा, विहिरीजवळ नको. नोझल जुन्या टूथब्रशने घासा. तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि फवारा सारखा पडत नाही. गाळणी धुवा, चिरलेला वायसर बदला. आणि उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप सोयाबीन-तुरीला लावू नका, कितीही धुतला तरी. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा.

आता बॅटरी. बऱ्याच पंपांत १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची सीलबंद शिशाची बॅटरी असते. (लेबलवर लिथियम लिहिलं असेल तर पुढचं तिला लागू नाही. ती निम्मी भरून थंड जागी ठेवायची.) "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका" असं कुणी ना कुणी सांगतंच. शिशाच्या बॅटरीला हा सल्ला मारक आहे. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते निघून जातं. तसंच राहू दिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि पट्टीचा तेवढा भाग बाद होतो. शिवाय नुसती ठेवलेली बॅटरीही आपोआप उतरत असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली तिचं काय होत असेल, विचार करा.

माझा पहिला पंप असाच गेला. जुलैत चार्जरला लावला तर अर्ध्या तासात हिरवा दिवा. मला आनंद झाला. शेतात दुसरी टाकी अर्धी होईतो पिचकारी बसली. तो झटपट हिरवा दिवा म्हणजेच बॅटरी गेल्याची खूण होती: साठवायला जागाच उरली नव्हती, म्हणून ती लगेच 'भरली'. दुकानदाराने झाकण काढून ॲसिड घालायला सांगितलं, तेही मी केलं. बॅटरी सुधारली नाहीच, सांडलेल्या ॲसिडने खालच्या वायरी मात्र खाल्ल्या. सीलबंद बॅटरी उघडू नका. कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. हंगामात धार मंदावली की फवारणी थांबवतो आणि त्याच संध्याकाळी, बॅटरी निवल्यावर, चार्जिंगला लावतो. उद्यावर टाकत नाही. हंगाम संपला की पूर्ण चार्ज करून लाल वायर सोडवतो आणि टोकाला टेप गुंडाळतो, कारण बटण बंद असलं तरी व्होल्टमीटरसारखी जोडणी थोडी वीज खात राहू शकते. बॅटरी घरात, मधल्या खोलीत ठेवतो. मग दर अमावास्येला वायर जोडून चार्जिंग. दिवस लक्षात राहतो म्हणून अमावास्या. हिरवा दिवा लागला की तास-दोन तासांत चार्जर काढतो. साधा चार्जर दिवसचे दिवस लावून ठेवला तर बॅटरी आतून सुकते.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर चार्जर काढून रात्रभर थांबा आणि सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर उत्तम, १२.४ च्या खाली येऊ देऊ नका. लगेच मोजलेला आकडा खोटा चढा दिसतो, त्यावर जाऊ नका.

जूनमध्ये औषध न घालता साध्या पाण्याच्या किती टाक्या निघतात ते एकदा बघून ठेवा. नव्या पंपाच्या निम्म्याही निघाल्या नाहीत तर बॅटरी तेव्हाच बदला, त्याच व्होल्टची आणि त्याच मापाची. जुनी उकिरड्यावर टाकू नका, तिच्यात शिसं आहे. बॅटरीवाला ती परत घेतो.