घरचे वायफाय बंद पडल्यास बिघाड कसा शोधावा

पावसाच्या सरीबरोबर वीज जाते, तासाभराने परत येते, पण नेट काही येत नाही, हा अनुभव कोल्हापुरात जून ते सप्टेंबर घरोघरी येतो. अशा वेळी अनेकांचा हात राउटरमागच्या रिसेटच्या छिद्राकडे जातो आणि तिथेच साधा बिघाड वाढतो. कारण टाचणीने ते बटण दहाएक सेकंद दाबून धरले, की वायफायचे नाव, पासवर्ड आणि काही जोडण्यांना लागणारे सेवादात्याचे लॉगिन असे सारेच पुसले जाते. म्हणून टाचणी बाजूला ठेवावी आणि बिघाड घराबाहेरच्या तारेत आहे, राउटरमध्ये आहे की वायफायच्या लहरींत, एवढे आधी ठरवावे.

फायबरच्या जोडणीत याचे उत्तर बहुधा दिव्यांतच मिळते. राउटरवरचा ‘पॉन’चा (PON, म्हणजे फायबरच्या जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा असेल, तर तार ठीक आहे. ‘एलओएस’चा (LOS, म्हणजे सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल, तर तारेतून येणारा प्रकाश पोहोचत नाही, मग फांदी पडून बाहेरची तार तुटलेली असो, किंवा कपाट सरकवताना घरातली तार मुडपलेली असो. फायबर काचेचे असल्याने त्याला तीव्र बाक आला तरी प्रकाश निसटतो, तेव्हा तार सैल, मोठ्या वळणाने ठेवून पाहावी. तिचे टोक मात्र डोळ्यासमोर धरू नये, कारण आतला लेसर दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. तरीही लाल दिवा गेला नाही, तर राउटरशी झटापट न करता तक्रार नोंदवावी. एकही दिवा लागत नसेल, तर अ‍ॅडाप्टरचा संशय घ्यावा; नवा घेताना व्होल्ट जुन्याइतकेच आणि अँपिअर तितके किंवा अधिक असावेत.

दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा आणि लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडावा. केबलवर नेट चालले, तर दोष वायफायचा आहे, आणि इथे घराची बांधणी महत्त्वाची ठरते. शिवाजी पेठेसारख्या भागातील जुन्या घरांच्या जाड भिंतींपुढे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी लवकर हार मानतात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगाने कमी असल्या तरी त्या मानाने आत शिरतात. उलट राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये भिंतींपेक्षा शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी त्रास देते. तिथे जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झ वापरावे, आणि २.४ वर राहायचेच असेल तर चॅनेल (त्या पट्टीतला उपविभाग) १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळे निवडावे, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ही सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या बुडाशी छापलेला पत्ता टाकल्यावर उघडते. माडीवर सिग्नल पोहोचतच नसेल, तर रिपीटरपेक्षा (वायफाय पकडून पुढे पाठवणाऱ्या उपकरणापेक्षा) वर लॅन केबल ओढून दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारे केंद्र) म्हणून लावणे मला अधिक खात्रीचे वाटते. शंभर मीटरपर्यंत केबलला अडचण नसते.

फक्त एकाच मोबाइलवर नेट नसेल, तर त्यातले वायफायचे नाव काढून पुन्हा जोडावे. हे सारे करूनही उपयोग झाला नाही, तरच लॉगिनचा तपशील कागदावर उतरवून घेऊन रिसेटची टाचणी हाती घ्यावी.